खाडीपल्याडच्या मळ्यांची कुटी

मी मुर्ध्याची, खाडीकाठचं गाव. नाव हिरूबाय. जल्म मिठागराच्या बांधावरचा, म्हंजे खरंच बांधावरचा, आयस मिठाच्या टोपल्या उचलत व्हती आनि तिथंच पोटात कळा आल्या, घरापर्यंत जायला येळच मिळाला न्हाय, असं आजी सांगायची. बापूस मिठागरावर कामाला. मानूस कामाचा, पन तापट, लय तापट, मीठ ओढायचं लाकडी फावडं असतं ना लांब दांड्याचं, त्या दांड्यानं मारायचा. आयसला मारायचा, आमाना मारायचा, दारातल्या कुत्र्याला मारायचा. एकदा माझ्या हातून पेज सांडली, तवा हा डावा हात, बघा, इथं कोपरातून, अजून सरळ होत न्हाय. हाड कुनी बसवलं न्हाय, हळदीचा लेप लावला आनि दुसऱ्या दिशी परत बांधावर. आयस पुढं रगत ओकून गेली, लोक म्हनले छातीचा रोग, मी म्हनते दांडा. जाऊ द्या. तुमाना खताचं ऐकायचं व्हतं आनि मी कुठं चालले बघा, पन हे सांगितल्याबिगर पुढचं कळायचं न्हाय. मार काय असतो ते मना लहानपनापासून ठाऊक हाय.

लगीन झालं ते गावातच, पांडूशी. पांडू होडीवाला, बुटका, खांदे रुंद, बोलायला कमी. काय सांगू तुमाना, लगीन झालं आनि थोड्याच दिसांत माझ्या हातून त्याच्या घरातला कंदील फुटला. एकच कंदील घरात. मी लगेच कोपऱ्यात जाऊन बसले, डोक्यावर दोन्ही हात घेऊन, आता मार बसतो म्हनून. तर हा काचा गोळा करत मना विचारतो, काय झालं गो, डोकं दुखतं काय. तवा मी रडले. मार खाऊन कवा रडले न्हाय, त्या दिशी रडले. त्यानं जल्मात माझ्यावर हात उचलला न्हाय, आनि त्याच मानसाला, ते सांगते पुढं, सांगायचंच हाय.

घरात त्याची धाकटी बहीन, जानकी. तिचा नवरा मिठागरावर साप चावून मेलेला, पदरात एक पोर, सुंद्री. मना पोरबाळ झालं न्हाय. जानकी मना वयनी म्हनायची, पन वागायची थोरल्या बहिनीवानी, वय माझ्याहून कमी तरी. होडी चालवायची पांडूसारखी. बायकांनी वल्हं धरू न्हाय असं गावात म्हनायचे, ती म्हनायची, मंग तुमी सोडा मना पल्याड, रोज. कोन सोडनार. म्हनून तीच वल्हवायची.

तर कुटी. उत्तनच्या कोळ्यांच्या जाळ्यात मासळी येते, त्यातली चांगली बाजारात जाते, उरते ती बारीक, कुजकी, डोकी, काटे, खेकड्यांची कवटं, ते कोन खानार. ते आमी टोपल्यांनी उचलायचो, खाडीच्या कडंला कडक जमिनीवर पसरायचो, वाळलं की उखळात घालून मुसळानं कुटायचो, म्हनून कुटी. वरनं भाजलेल्या शिंपल्यांची पूड, थोडी. हे खत. हाताची सालं निघायची काट्यांनी, आनि वास, वास तर कातडीच्या आत जायचा, लग्नकार्यात आमाना बायका जरा लांब बसवायच्या, तोंडानं बोलायच्या न्हायत पन सरकून बसायच्या. जानकी मुद्दाम त्यांच्याजवळ जाऊन बसायची.

ही कुटी जायची खाडीपल्याड, वसईकडच्या मळ्यांना. पानमळे, केळी, थोडा ऊस. मी लगीन होऊन आले तवा फक्त पानमळेवाले घ्यायचे, तेबी थोडी. मंग हळूहळू मुंबई वाढली, खानारी तोंडं वाढली, पल्याडनं आगगाडीनं रोज पानाच्या आनि केळ्याच्या करंड्या जायला लागल्या, आनि एकाच जमिनीतनं किती काढनार, जमीन दमली. आमचं जुनं गिऱ्हाईक व्हतं बस्त्याव म्हनून, किरिस्ताव, पानमळेवाला, उंच मानूस, केळीच्या चिकानं बोटं कायम काळी. तो मना समजवून सांगायचा. म्हनायचा, बाय, शेन म्हंजे भात, पोट भरतं, पन नुसत्या भातावर पोर वाढंल काय, त्याला जरा कालवन पायजे, जरा मीठ पायजे, तशी वेलाला कुटी, मूठभर बुडाशी टाकायची, जास्त न्हाय, पन न्हाय टाकली तर पानाच्या शिरा तेवढ्या हिरव्या राहतात आनि मधलं सगळं पिवळं, असलं पान बाजारात कोन इचारतो. पिवळी पानं दाखवायचा मना, मंग आमच्या कुटीवरची दाखवायचा, काळीभोर हिरवी, हातात घेतली तर थंड लागायची. मना लय बरं वाटायचं. कुजक्या मासळीचं असलं काय व्हतं म्हनून.

मोठे बागाइतदार तवा पांढरं खत घ्यायचे, विलायतेवरनं बोटीनं यायचं, साखरेवानी. लढाई सुरू झाली आनि बोटी थांबल्या. ते खत बंद. पेंड महाग, मंग मिळंनाच. आनि सगळे वळले कुटीकडं. ज्यांनी आमाना दारात उभं केलं न्हाय ते आमच्या दारात आले, नाकाला धोतराचा सोगा लावून उभे राहायचे, पन उभे राहायचे. मुर्ध्यात, शेजारच्या राई गावात, घरोघर बायका कुटायला लागल्या. दिसभर गावात मुसळांचा आवाज. आमाना वाटलं, आता बरे दिस आले.

जिथं बरं दिसतं तिथं कुनीतरी काठी घेऊन येतोच. म्हादू मुकादम व्हता, आमच्याच बाजूचा, मीठ होड्यांत भरायला मजूर पुरवायचा. धक्का त्याच्या मानसांच्या हातात. त्यानं सांगून टाकलं, कुटी पल्याड जाईल ती माझ्या हातून जाईल, बायकांनी मना घालायची, मी पल्याड विकीन. भाव त्याचा. राईच्या एकानं ऐकलं न्हाय, आपली होडी आपन भरली, तर धक्क्यावर भर दुपारी, बाजाराची मानसं बघत असताना, मुकादमाच्या लोकांनी त्याला दगडावर तोंड आपटून आपटून मारला. पुढचे दात सगळे गेले. तो दात हातात घेऊन गावभर फिरला, कुनी काय बोललं न्हाय. आमीबी न्हाय बोललो. दुसऱ्या दिसापासून सगळ्यांची कुटी मुकादमाकडं.

पांडूला त्यानं होडीवर ठेवला. भरलेली, तोंड शिवलेली पोती धक्क्यावरनं घ्यायची आनि पल्याड टाकायची. आत काय ते बघायचं काम न्हाय. मना एकदा पांडू म्हनला, गो, पोती जड लागतात, कुटी इतकी जड न्हाय. मी म्हनले, मंग इचार त्याला. त्यानं इचारलं न्हाय. त्या राईवाल्याचे दात त्यानंबी बघितले व्हते.

मुकादम काय करायचा ते मागून कळलं. कुटी थोडी, त्यात वाळू, आनि खाजनातला, म्हंजे भरतीचं पानी चढतं तिथला, चिखल वाळवून, फोडून, वर शिंपल्यांची पूड मारून. खाजनातला चिखल म्हंजे निव्वळ खार. पानवेल नाजूक, तिच्या बुडाशी खार टाकला म्हंजे तान्ह्या पोराच्या तोंडात मीठ कोंबल्यासारखं. पल्याड मळेच्या मळे बसले. पानं गळली, वेलींचे बुडखे काळे पडले, बस्त्यावचा मळा तर त्याच्या आजाच्या हातचा, तो अख्खा गेला.

आनि पांडू पुढची पोती घेऊन तिथं गेला.

ते लोक वाटच बघत व्हते. त्यांच्या समोर यायचा तो पोती आननारा, मुकादम स्वतः कवा तिकडं गेला न्हाय. पांडू होडीतनं उतरला, पहिलं पोतं खांद्यावर घेतलं, आनि मागून वेलाच्या बांबूचा फटका. पोतं फुटलं, चिखल बाहेर आला, तो बघून ते आनखी पेटले. हा म्हनत व्हता, मी निसता होडीवाला, मी निसता होडीवाला, कोन ऐकतो. बांबू, लाथा, कुदळीचा दांडा. दांडा बस्त्यावच्या हातात व्हता. ज्यानं माझ्या हातची पेज घेतली व्हती माझ्या ओट्यावर बसून, त्यानं माझ्या नवऱ्याच्या तोंडावर दांडा घातला. उजवा डोळा तिथंच गेला. हाताची बोटं चेचली. मेला असं समजून त्याला त्याच्याच होडीत टाकला आनि होडी पान्यात ढकलून दिली.

उत्तनच्या एका नाखवानं होडी वाहत जाताना बघितली, बांधून ओढत आनली. मी कुटत व्हते. लोक धावत आले, चल हिरू, चल म्हनले, काय झालं ते कुनी सांगंना. होडीच्या तळाला रगत आनि खारं पानी एक झालेलं, त्यात माझा मानूस. तोंड ओळखू येत न्हाय. मी खांद्यावरनं ओळखला. जानकीनं त्याला पाठीवर घेतला, एकटीनं, आनि घरापर्यंत चालत आली, कुनाला हात लावू दिला न्हाय.

तो वाचला. कसा ते मना इचारू नका. ताप उतरला, बोलायला लागला, तवा पहिलं काय बोलला असंल, म्हनला, पोत्यात चिखल व्हता गो.

मी आनि जानकी मुकादमाच्या दारात गेलो. तो पान खात बसला व्हता. मी म्हनले, दादा, तुमी चिखल भरला आनि मार माझ्या नवऱ्यानं खाल्ला, त्यांना जाऊन सांगा खरं काय ते. तो हसला. म्हनला, अगो, पोती तुझ्या नवऱ्यानं नेली, वाटंत त्यानं काय भरलं मना काय ठाऊक. जानकी म्हनली, तुझ्या तोंडात किडे पडतील. तो उठला आनि तिच्या थोबाडीत मारली, अशी की ती ओट्यावरनं खाली पडली, मी मधी गेले तर माझ्या पोटात लाथ. मना तवा काय वाटलं सांगू, मना बापूस आठवला. तेच डोळे. मारताना ह्या लोकांना राग येत न्हाय, त्यांना बरं वाटतं, ते मना तवा कळलं.

दोन-तीन दिसांत भर दुपारी, वारा सुटलेला, आमची वाळत घातलेली मासळी पेटली. आपोआप पेटत न्हाय ती. वाळलेल्या मासळीत तेल असतं, एकदा धरलं की मशालीवानी. ढीग पेटले, ढिगावरनं झोपडी पेटली, आत पांडू बिछान्यावर, डोळ्याला फडका बांधलेला, उठता येत न्हाय. जानकी ओल्या गोधडीत घुसली, त्याला ओढून काढला, तिचा हा असा खांदा ते कोपर भाजला, कातडी निघून हातात आली. सुंद्री रस्त्यावर उभी राहून किंचाळत व्हती. अख्ख्या गावात जळक्या मासळीचा धूर. आनि मुकादमाची मानसं बांधावर बसून बघत व्हती, विडी ओढत.

त्या धुरात मी ठरवलं. पल्याड जायचं. मना लोकांनी अडवलं, पांडूनं तर हात जोडले, म्हनला, त्यांनी मना असं केलं, तुना काय सोडतील. मी म्हनले, एकतर इथं जळून मरायचं, न्हायतर तिथं बांबूनं, मंग एकदा बोलून तरी मरू दे. शेजारनीच्या घरची चांगली कुटी टोपलीत घेतली, मुकादमाचं पोतं एक पांडूच्या होडीत अजून पडलेलं, ते घेतलं. जानकीनं भाजलेल्या हातानं होडी वल्हवली. वाटभर दात आवळून वल्हवत व्हती.

बस्त्याव मळ्यात व्हता. मळा कसला, मसनवट. काळ्या काटक्या उभ्या. त्यानं मना बघितलं आनि कोयता उचलला. म्हनला, तू कशाला आलीस बाय, जा, माझा हात आज माझ्या ताब्यात न्हाय. मी म्हनले, दादा, मारायचंय तर मार, पन आधी हे बघ. पोतं त्याच्या पायाशी उलटं केलं. टोपली बाजूला ओतली. म्हनले, ही माझी, ती मुकादमाची, मधी माझा नवरा व्हता, त्यानं निसती होडी हाकली, तू त्याचा डोळा घेतलास. त्यानं कोयता खाली टाकला. मंग खाली बसला, पोत्यातलं चिमूटभर तोंडात टाकलं. खारट लागलं असंल. थुकला. परत घेतलं, परत थुकला. आनि काय सांगू तुमाना, एवढा उंच मानूस, त्यानं आपलं कपाळ बांधावरच्या पांगाऱ्याच्या झाडावर आपटलं, एकदा न्हाय, आपटतच राहिला, रगत आलं, त्याची बायको धावत आली, आमी दोघींनी धरला. मना दया आली न्हाय. खरं सांगते. मी म्हनले, तुझं डोकं फोडून माझ्या नवऱ्याचा डोळा येत न्हाय, बस कर, आनि आता काय करतोस ते सांग.

त्यानं पल्याडच्या सगळ्या मळेवाल्यांना बोलवलं. ठरलं असं, कुटी घेऊ ती बायकांच्या हातूनच, उघड्या टोपलीत, आनि जमलं तर मासळी सुकी घेऊन यायची, कुटायची आमच्या डोळ्यांदेखत. आमी तयार झालो. मुर्ध्याच्या बायका मुसळं घेऊन होडीत बसायला लागल्या, जानकी वल्हवायची. गरज दोन्हीकडं व्हती, लढाई चालू, दुसरं खत कुठं मिळत न्हाय, ज्यांचे मळे उभे व्हते ते कुटीच्या वाटंकडं डोळे लावून बसलेले. मुकादमाचा माल घ्यायला कुनी तयार न्हाय. धक्क्यावर त्याची पोती तशीच पडून राहिली.

मना ठाऊक व्हतं तो येनार. सगळ्यांना ठाऊक व्हतं. आमी तरी रोज जात व्हतो.

सकाळची येळ. भरती भरून ओहोटी नुकती लागलेली. आमी टोपल्या होडीत चढवत व्हतो, जानकी होडीत उभी, सामान लावून घेत व्हती. मुकादम आला, मागं त्याची मानसं, हातात वल्ही आनि काठ्या. पहिल्यांदा टोपल्यांना लाथ, एक, दोन, सगळी कुटी पान्यात, पानी तपकिरी झालं. मंग एका म्हातारीच्या केसाला धरून ओढली. जानकी होडीतनं ओरडली, हात सोड तिचा, मढ्या, आनि वल्हं उगारून पुढं आली. मुकादम आपल्या मानसाला म्हनला, हिला गप कर. एवढंच. त्या मानसानं वल्हं आडवं फिरवलं. कानशिलावर बसलं. नारळ फुटतो ना, तसला आवाज. जानकी होडी आनि धक्क्याचा दगड, ह्यांच्या मधी पडली, होडी लाटेनं दगडावर आपटली, ती मधी. परत वर आली न्हाय. ओहोटी तिला घेऊन गेली.

मंग माझं मना ठाऊक न्हाय. म्हंजे ठाऊक हाय, पन ते मी केलं असं वाटत न्हाय. माझ्या हातात मुसळ व्हतं. मी मुकादमाच्या गुडघ्यावर घातलं. तो पडला. परत घातलं, त्याच गुडघ्यावर. कुटत व्हते मी त्याला, रोज मासळी कुटते तशी, वर-खाली, वर-खाली. बाकीच्या बायका त्याच्या मानसांवर पडल्या, मुसळं, टोपल्या, दात, जे हाताला लागंल ते. एकीनं एकाचा कान तोडला दातानं. ज्यानं वल्हं मारलं व्हतं तो खाडीत उडी मारून पळाला, चिखलात रुतला, तिथं त्याला मिठागराच्या मजुरांनी धरला. धक्का लाल. मुकादम ओरडत व्हता, आये गो, आये गो. मी मुसळ त्याच्या डोक्यावर धरलं. घालनारच व्हते. मागून कुनीतरी मना कवळ्यात धरलं, मी त्यालाबी झटकलं, सुटला न्हाय. पांडू व्हता. डोळ्याला फडका, चेचलेली बोटं, तसाच धावत आलेला. माझ्या कानात म्हनला, सोड गो हिरू, तुना फाशी देतील, मंग मी काय करू, मी एकटा काय करू.

मुसळ खाली टाकलं.

जानकी दुपारी मिळाली, तिवरांच्या मुळ्यांत अडकलेली, चिखलानं माखलेली, भाजलेला हात वर. मना तिला धुवू पन दिलं न्हाय, पोलीस आलेले, मना घेऊन गेले. तिला कुनी धुतलं असंल, मना अजून ठाऊक न्हाय, इचारायची हिंमत न्हाय झाली.

खटला ठाण्याला चालला. मुकादमाचा वकील म्हनायचा, ह्या बायका आधी धावून गेल्या, ही बाई मुकादमाचा जीव घेनार व्हती, हिचं जुनं वैर, पांडूनं मळे मारले आनि दोष मुकादमावर टाकून हिनं सूड घेतला. आमच्या बाजूनं बोलनारं कोन. आनि बस्त्याव आला. त्याच्या लोकांनी त्याला सांगितलं व्हतं, जाऊ नको, तिथं खरं बोललास तर तुलाच आत टाकतील. त्याची बायको वाटंत आडवी पडली म्हने. तो आला. उभा राहिला आनि म्हनला, साहेब, पांडूचा डोळा मी काढला, ह्या हातांनी, तो निर्दोष व्हता, पोत्यात चिखल मुकादमाचा व्हता, मी तो चाखलाय. मना इंग्रजीतलं काय कळलं न्हाय पुढचं, पन साहेबानं लिवायचं थांबवून त्याच्याकडं बघितलं एवढं आठवतं.

बस्त्यावला शिक्षा झाली. मनाबी झाली, थोडी, आंब्याला मोहर व्हता तवा आत गेले आनि पावसाळा संपता संपता सुटले. ज्यानं वल्हं मारलं तो अजून आत हाय. मुकादमानं वल्हं स्वतः मारलं न्हाय म्हनून त्याला काय झालं न्हाय, पन त्याचा पाय कायमचा गेला, काठीवर चालतो, धक्का गेला, त्याला आता कुनी इचारत न्हाय. मना रस्त्यात दिसतो. मान खाली घालतो तो. मी घालत न्हाय.

आता लढाई संपली, आपलं राज्य आलं. पांढरं खत परत यायला लागलंय, सरकारच्या मानसांनी मळ्यांत येऊन सांगितलं, हे टाका, झटक्यात वाढतं. वाढतंबी. लोक तेच घेतात, हलकं, वास न्हाय, पोतं फाडलं की झालं. कुटीची मागनी कमी झाली, तरी पानमळेवाले थोडी घेतातच, म्हनतात, पांढऱ्यानं पान मोठं व्हतं पन लगेच फाटतं, कुटीशिवाय पानाला काळोखी येत न्हाय. सुंद्री माझ्याजवळ वाढली, औंदा तिचं लगीन केलं, नवघरला दिली. मानूस बरा हाय. मी लग्नाआधी त्याच्याकडं कंदील फोडून बघनार व्हते, पांडूनं हसून अडवलं.

आनि बस्त्याव. तो शिक्षा भोगून सुटला आनि तवापासून दर वर्साला त्यांच्या नाताळाआधी होडीनं येतो, केळीचा घड घेऊन. ओट्यावर बसतो. पांडू आतनं बाहेर येतो, त्याच्यासमोर बसतो, एका डोळ्यानं खाडीकडं बघत. बोलत न्हाय. एक शब्द न्हाय. बस्त्याव मळ्याचं सांगतो, पावसाचं सांगतो, पांडू ऐकतो, केळं सोलून खातो, साल टाकतो, बोलत न्हाय. मी पांडूला कवा सांगितलं न्हाय की बोल. डोळा त्याचा गेलाय, माझा न्हाय.

औंदा बस्त्याव आला तवा लय थकलेला. खोकत व्हता. म्हनला, बाय, पोरगा आता सगळं पांढरं खत घालतो, मना इचारत न्हाय, पुढल्या वर्साला मी येईन न येईन. मी त्याला कुटीची एक टोपली बांधून दिली, त्याच्या दाराच्या वेलीसाठी. तो उठंना, बसून राहिला, खाडीकडं बघत. पानी उतरायला लागलं व्हतं. आनि पांडू, इतक्या वर्सांत पहिल्यांदा, त्याच्याकडं न बघताच म्हनला, ओहोटी लागली, आता निघ, न्हायतर चिखलात अडकशील.

बस्त्याव तसाच बसला, तोंड उघडं. मंग उठला. पांडूनं टोपली आपल्या चेचलेल्या हातांनी उचलली आनि त्याच्या होडीपर्यंत पोचवून आला.

एवढंच माझं. लिवलंत ना सगळं? बरं. तुमचंबी देव बरं करो, तुमच्या घरची झाडं हिरवी राहोत. आता जेवून जा, आनि हात धुवून घ्या, न्हायतर घरी गेल्यावर बायको म्हनंल, कुठं बसून आलात.